चौदा नंबरचा ओटा

माहुल,
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

प्रिय नलूआत्या,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तू पाय मागे घेशील असं वाटलं, म्हणून नुसता नमस्कार.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. प्रेमामावशी मार्केटमधून ट्रॉम्ब्याला घरी जाताना नेईन म्हणाली. "देईन तिच्या हातात. पण वाच म्हनून सांगनार नाय," असंही म्हणाली. बरोबर आहे तिचं. तू तिच्याकडे राहतेस, तर ती तुझ्याच बाजूने बोलणार.

घरचं ठीक. आईचा गुडघा तसाच, डॉक्टरने जिने कमी करा म्हणून सांगितलंय, आणि आपलं घर वरच्या मजल्यावर. बोंबील वाळत घातलेत. खाडीत ते गुलाबी पक्षी आलेत, रविवारी कॅमेरेवाले येतात आणि जेट्टीचा रस्ता विचारतात. कंपनीचा वास दोन दिवस जास्तच आहे, खिडक्या बंद ठेवतो. तुझ्या खाटेवर पप्पांनी जाळी टाकली होती. आईने उचलून खाली ठेवली. त्यावरून भांडण झालं नाही. आमच्याकडे हल्ली कशावरूनच भांडण होत नाही गं.

माझी परीक्षा एप्रिलमध्ये. अभ्यास होत नाही. पुस्तक उघडून बसते, पान उलटते, मग आधीचं पान काय होतं ते आठवत नाही.

मला कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल लिहायचंय. तू कधी विचारलं नाहीस की ते नक्की काय होतं. शर्मिष्ठामॅडमनी फळ्यावर यादी लिहिली होती: फाळणी, जातिव्यवस्था, स्त्रियांचं स्थान, स्थलांतर, प्रदूषण, साहित्यातलं शहर. म्हणाल्या, दरवर्षी मुलं हेच घेतात आणि नेटवरून उतरवून देतात, मला वाचून कंटाळा आलाय. तुमच्या घरात इतिहास नाही का? मी हात वर केला. म्हटलं, माझी आत्या मच्छी विकते. मॅडम इतक्या खूश झाल्या की विचारू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा घाटकोपरच्या त्या कॉलेजात मच्छीचं नाव काढल्यावर कोणी नाक मुरडलं नाही. मला केवढं भारी वाटलं ते तुला कसं सांगू.

मग मी चार रविवार तुझ्यामागे फोन घेऊन फिरले. तू किती बोललीस! आजीबरोबर पहाटे धक्क्यावर जायचीस ते, आजोबांची होडी, कंपन्या आल्यावर खाडीच्या चिखलात निवट्या मिळेनाशा झाल्या ते, नवरा सोडून आलीस तेव्हा आजीने काही न विचारता दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात विळी दिली ते. ते सगळं लिहिलं मी. एकशे बारा पानं झाली.

आणि ते दुसरंही लिहिलं.

तुला माहितीये मी कशाबद्दल बोलतेय, पण एकदा नीट लिहून टाकते. आजी दोन हजार नऊला गेली. मार्केटातल्या ओट्याचं लायसन तिच्या नावावर, कमळ भिकाजी कोळी. ते तुझ्या नावावर करायला पप्पांची सही हवी होती, भाऊ म्हणून. पप्पा म्हणाले, करू, काय घाई आहे. दर गणपतीला तू विचारायचीस आणि दर गणपतीला ते हेच म्हणायचे. म्हणून तू आजी होऊन बसलीस. इन्स्पेक्टर यादी घेऊन यायचा, "कमळ भिकाजी?" आणि तू म्हणायचीस, "हाय." पंधरा वर्षं. अख्ख्या मार्केटला माहीत होतं आणि एकाही बाईने तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईकंसुद्धा तुला कमळताईच म्हणतात. एकदा एक साहेब म्हणाला होता ना, कागदावर शहात्तर वय आहे मावशी, तब्येत झकास ठेवलीय. तू हे सांगताना इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मी त्याचं वेगळं प्रकरण केलं. "आईच्या नावाने बसलेली लेक." मागे लायसनची झेरॉक्स जोडली, कारण मॅडमना मूळ कागद हवे होते. ओट्यावरचा तुझा फोटो लावला, नंबर स्पष्ट दिसेल असा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पहिलं बक्षीस मिळालं.

डिसेंबरच्या प्रदर्शनात मॅडमनी इथल्या एका पेपरवाल्याला बोलावलं होतं. त्याने फोटो काढले, माझ्याशी बोलला, छान छान म्हणाला. चार दिवसांनी छापून आलं, मेलेल्या आईच्या नावावर पंधरा वर्षं धंदा. त्याने वाईट हेतूने केलं नसेल. मॅडमनीही नाही. मला आठवडाभर सगळेच चांगले वाटत होते. मग जानेवारीत मार्केटच्या ऑफिसची माणसं आली आणि ओटा बंद केल्याचा कागद त्यावर चिकटवून गेली. पुढचं तुला माहीत आहे. तू घरी आलीस, विळी धुतलीस, पेटी भरलीस आणि गेलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मॅडम मला म्हणाल्या, तुला कल्पना नव्हती, तू स्वतःला दोष देऊ नकोस. आईही तेच म्हणते. मीही सगळ्यांना तेच सांगते. इथे थांबते, आई जेवायला हाक मारतेय.

रविवार, दुपार

काल लिहिलेलं वाचलं. ते खोटं आहे.

कल्पना होती. तिसऱ्या रविवारी तू लायसनचं सांगायला लागलीस आणि मध्येच थांबलीस. म्हणालीस, "ह्ये लिवू नको हां गो. ह्ये घरातलं हाय. फोन बंद कर." मी हो म्हटलं. फोन उचलला, तुझ्यासमोर बटण दाबल्यासारखं केलं आणि पालथा ठेवला. तो चालू होता. तू त्या फोनकडे बघतही नव्हतीस. तू मांदेली साफ करत होतीस.

मला वाटलं, कॉलेजचं प्रोजेक्ट कोण वाचतंय? आणि खरं सांगू, ते सगळ्यात चांगलं प्रकरण होणार हे मला ऐकतानाच कळलं होतं.

आता दुसरं. हे प्रेमामावशीलाही माहीत नाही.

तू तिला म्हणालीस की ऑफिसने तुला न विचारता निकाल लावला. त्यांनी विचारलं होतं. नोटीस आली होती, आपल्या पत्त्यावर, तुझ्या नावाची. नलिनी भिकाजी कोळी. तेरा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा, सर्व वारसांनी हजर राहावे. पप्पांनी ती टीव्हीच्या मागे ठेवली. मी झाडताना पाहिली. तेव्हा तारखेला नऊ दिवस होते. माहुलहून ट्रॉम्ब्याला रिक्षाने कितीसा वेळ लागतो? मी नऊ दिवस कॉलेजला गेले, घरी आले, जेवले, झोपले.

का, ते नीट सांगता येत नाही. पप्पांना घाबरले असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, पण तसं नाही. तुझ्यासमोर उभं राहायचं होतं ना, ते मला नको होतं. आज नको, उद्या जाऊ. मग तेरा तारीख आली.

पप्पा मला बरोबर घेऊन गेले. तू आली नव्हतीस. तिथल्या बाईने दोनदा तुझं नाव पुकारलं. पप्पा म्हणाले, तिला धंद्यात इंटरेस्ट नाही राहिला, घर सोडून गेलीय. आणि माझ्या नावाचा अर्ज पुढे सरकवला. नात म्हणून. मला म्हणाले, घरातली वस्तू घरात राहील, सही कर. मी सही केली. सही करताना मला काहीही वाटलं नाही, आत्या. पेन चांगलं चालत होतं, एवढंच आठवतंय.

सोमवारी पावती मिळाली. चौदा नंबरचा ओटा आता माझ्या नावावर आहे. पप्पांनी बाहेरच्या एका मच्छीवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं, तो भाड्याने बसणार होता. संध्याकाळी तो माणूस घरी आला, तुझ्या खाटेवर बसला आणि आईने त्याला चहा दिला. तेव्हा मी म्हटलं, बसणार तर मी बसेन, नाहीतर मी ऑफिसात जाऊन भाड्याचं सांगते, भाड्याने दिला तर लायसन जातं. पप्पा म्हणाले, वेडी झालीस काय, बी.ए. करून मच्छी विकणार? मी म्हटलं, हो. फार शूर होऊन बोलले असं समजू नकोस. आवाज चढला नाही की काही नाही. त्यांनी टीव्ही लावला.

मंगळवारपासून मी बसते.

काय वाट लागलीय माझी, ते मावशीने सांगितलंच असेल. पहिल्या दिवशी धक्क्यावर मला सगळ्यात खराब टोपली मिळाली. करंदी आणि मांदेली आणली, बर्फ कमी पडला. उजव्या हाताची बोटं कापलीत, तीन पट्ट्या आहेत, डाव्या हाताने लिहिता येत नाही म्हणून उजव्यानेच लिहितेय. नवी बाई ओट्यावर बसली की शेजारची तिची पहिली भवानी करते ना, अर्धा वाटा तरी विकत घेते, तसं कोणी केलं नाही. प्रेमामावशीनेही नाही. ती माझ्याकडे पाठ करून बसते. सकाळी अकरापर्यंत मी काहीच विकलं नाही. मग तुझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक एक बाई आल्या, म्हणाल्या, "कमळताई कुठेत? गावी गेल्या का?" मी मांदेलीवर पाणी मारलं. त्या पुढे गेल्या.

गुरुवारी गिऱ्हाईक नव्हतंच. येत्या बुधवारी महाशिवरात्र आहे, तेव्हाही नसणार. कॉलेजात मॅडम भेटल्या नाहीत, कारण मी गेलेच नाही. त्यांचा मेसेज आला होता, प्रोजेक्ट विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवू या का. मी लिहिलं, नको. त्यांनी का म्हणून विचारलं.

मी शुक्रवारी एकटी ऑफिसात जाऊन आले. त्या बाईला सगळं सांगितलं, टीव्हीमागच्या नोटिशीसकट. तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तू ओटा नुसता सोडलास तर तो आमच्याकडे परत येईल, तुझ्या आत्याला नाही मिळणार. रिकामा ठेवलास तरी जाईल. तिला द्यायचा असेल तर तुम्ही दोघींनी मिळून अर्ज करायचा, आणि मंजूर होईपर्यंत तू रोज बसायचं. किती दिवस विचारलं तर म्हणाली, सांगता येत नाही, सहा महिने धर, वर्ष धर. पप्पांची सही लागेल का विचारलं. म्हणाली, आता ओटा तुझा आहे, तुझ्या बापाची सही कशाला?

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तू पंधरा वर्षं जी सही मागत होतीस ती आता कोणालाच नको आहे, आणि हे घडायला तुला घराबाहेर जावं लागलं. तिथल्या बाकावर मी बराच वेळ बसून होते. शिपायाने पाणी आणून दिलं.

अर्ज या पत्रात घडी करून ठेवलाय. माझी सही झालेली आहे, तुझी जागा मोकळी आहे. तिथे तुझं स्वतःचं नाव लिहायचंय. सही केलीस तर प्रेमामावशीकडे दे, मी नेऊन देईन. नाही केलीस तरी मी बसणार, रिकामा ठेवू शकत नाही. परीक्षेचं बघू. ते माझं मी बघेन, तू त्यात पडू नकोस.

माफ कर असं मी लिहीत नाही. तू एकदा सांगितलेलं मी ऐकलं नाही, आता मी काही मागावं असं मला वाटत नाही. फक्त ते रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे, फोन बंद कर म्हणालीस त्याच्या पुढचं. ते पुसायचं की नाही ते तू सांग. या वेळी तू सांगशील तसंच करीन.

मी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत असते. कधीही ये. मला काही बोलू नकोस, हाकही मारू नकोस, नुसती समोर येऊन उभी राहा.

मी उठेन.

नमिता