काचेला जोर कळत नाही

३ फेब्रुवारी

नाहीच! काच आहे की दगड? सकाळपासून टॅबवर ‘क’ काढतोय. कितीही दाबा, रेघ आपली एकसारखी, मरतुकडी! तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या — ब्रश दाबला की जाड, उचलला की बारीक. यात न समजण्यासारखं काय आहे? शेवटी ही ओरडली, "अहो, फुटेल तो! लेकीनं हौसेनं दिलाय."

गुडघ्यानं शिडी बंद केली त्याला आठ महिने झाले. धाकटा भाऊ एकटाच डबे-ब्रश घेऊन जातो. "दादा, तू आराम कर," म्हणतो. आराम! घरात बसून जीव विटला. लेकीनं औषध-दुकानांच्या एका कंपनीला माझं नाव सुचवलंय. त्यांना हातची अक्षरं हवीत, टॅबवर काढलेली, पंधरा तारखेपर्यंत. जमलं तर मी पुन्हा कामाचा माणूस. धाकट्याला पत्ता लागू दिलेला नाही. सगळं पक्कं झालं की सांगीन — तोंड बघण्यासारखं होईल त्याचं!

५ फेब्रुवारी

बोट इथे, रेघ तिथे. डोकं भणभणलं.

६ फेब्रुवारी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. "बिघडलाय," ठणकावून सांगितलं. काउंटरवरच्या पोरीनं मला ‘क’ काढायला लावला. माझं पांढरंफटक पडलेलं बोट बघून तिला हसू आवरेना. "काका, याला जोर कळतच नाही. बोट किती टेकलंय तेवढंच कळतं. टोकावर धरा, बारीक. आडवं टेकवा, जाड."

म्हणजे इतके दिवस मी काचेशी कुस्ती खेळत होतो! आणि रेघ भलतीकडे का? तर माझंच जाडजूड बोट अक्षर झाकतं. "मोठं करून काढा ना!" म्हणाली. एवढीशी गोष्ट! गुमान घरी आलो.

९ फेब्रुवारी

जमलं!! बोट जरा लोळवलं की रेघ फुगते, उचलत नेलं की निमुळती होते. ‘ळ’चं पोट असं काही उतरलं की हिला हाक मारली. ही आली ती भांडी घासता घासता, ओल्या हातानं. काचेवर थेंब पडला आणि ‘ळ’ला शेपूट फुटलं! दोघंही पोट धरून हसलो. फार दिवसांनी.

संध्याकाळी धाकटा आला, टॅब उशीखाली. स्वारी खुशीत. सहा दुकानांच्या पाट्यांचं काम मिळतंय म्हणे.

१२ फेब्रुवारी

कंपनीच्या मॅडमचा फोन. सगळी अक्षरं सुटी हवीत — जोडाक्षरं, काने, मात्रा, आकडेसुद्धा. म्हटलं, "सुटी कशाला? आख्खी पाटीच लिहून देतो!" "नको काका, सुटीच द्या." बरं बाई, सुटी तर सुटी.

१५ फेब्रुवारी

पाठवली! तासाभरात मॅडमचा फोन — "काका, अप्रतिम! एकही बदल नको." आठ महिन्यांत पहिल्यांदा आरशात बघून दाढी केली. धाकट्याला मात्र अक्षरं पाटीवर झळकली की मगच दाखवीन.

२ मार्च

धाकटा भरदुपारीच घरी आला. रंगाचे डबे न उघडलेले.

"काम गेलं, दादा. औषधवाल्यांनी सहाही दुकानांच्या पाट्या छापूनच आणल्या. यापुढेही छापूनच लावणार म्हणे, पेंटर नको."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो घटाघटा पाणी प्यायला.

"पण अक्षर काय होतं रे! अगदी तुझ्या हातचं वाटावं. मी आपला बघतच उभा राहिलो."