विनवणीची चाचणी

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा. कॉलेजने दिलेली खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी मैदानाकडे उघडते, नळाला पाणी येतं आणि कपाटाचं दार लागतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला याहून वेगळा मोक्ष नको. संस्कृत विभागात विभागप्रमुख बाई, मी आणि एक मोडकी खुर्ची एवढीच मंडळी. त्यांतली खुर्ची सर्वांत जुनी, म्हणून तिचा मान मोठा.

भाची याच कॉलेजात नाट्यविभागात दुसऱ्या वर्षाला आहे. निघताना ताईने बजावलं होतं, पोरीवर लक्ष ठेव. पोरीने आल्या आल्या सांगितलं की मामा, तुझ्यावर लक्ष ठेवायला आईने मला सांगितलंय. दोघींपैकी खरी कोण, हे ठरवायला मीमांसाशास्त्रही पुरणार नाही. तिने येताना झाडू, दिव्याचा बल्ब आणि माझ्यासाठी एक छत्री आणली. मग खोली झाडताना माझ्या पुस्तकांच्या खोक्यांकडे बघून म्हणाली की मामी नाही ते बरं झालं, तिला उभं राहायला जागाच उरली नसती.

बुधवार, ५ तारीख

आज नव्या लोकांना सुरक्षेचे धडे दिले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजात बंदूक घेतलेला माणूस शिरला, तेव्हापासून इथे सराव चालतो. भोंगा वाजला की जवळच्या खोलीत शिरायचं, आतून कडी घालायची, दाराला बाकं लावायची, दिवे बंद करायचे, फोन बंद करून डब्यात टाकायचे आणि अवाक्षर काढायचं नाही. यात वावगं काहीच नाही. मला तर पटलं.

शिकवणारे सुरक्षा अधिकारी पूर्वी मोठमोठ्या गोदामांची राखण करायचे. मी त्यांचं नाव सेनापती ठेवलं आहे. गोदामातला माल स्वतः उठून दार उघडत नाही, माणसं उघडतात, हा त्यांचा मनुष्यजातीवरचा मुख्य आक्षेप.

मंगळवार, ११ तारीख

पहिला सराव झाला आणि मी मेलो.

आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत अंधारात बसलो होतो. बाहेर एक मुलगा दार बडवायला लागला. पायाला लागलंय, घ्या ना आत, सर, घ्या ना, असं रडत म्हणत होता. मी उठून कडी काढली. दारात सेनापती उभे. याला म्हणे विनवणीची चाचणी म्हणतात. जो उघडेल त्याच्या छातीवर ‘मृत’ असा काळा कागद चिकटवतात आणि तो संध्याकाळपर्यंत काढायचा नसतो.

दिवसभर माझी उत्तरक्रिया चालली. ग्रंथपालांनी चहा देताना विचारलं की कैलासवासींना साखर किती. बाईंनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून मग वेळापत्रकाचं विचारलं. मीही हसलो. भाचीने मात्र कागद उपटून काढला आणि चुरगळून खिशात घातला. म्हणाली, उघडलंस ते बरंच केलंस.

शुक्रवार, १४ तारीख

विनवणी करायला आता नाट्यविभागाची मुलं घेणार आहेत. सेनापतींच्या मते आधीची मुलं नीट रडत नव्हती. भाचीची निवड झाली. बदल्यात हजेरी मिळते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

तिची रंगभूषा बघायला गेलो. कणीक आणि डिंक मळून जखम करतात, वर साखरेच्या पाकात लाल रंग घालून ओततात. खोलीत गोडसर, आंबूस वास भरला होता. पाक जिन्यावर सांडला होता, त्यावर माशा बसल्या होत्या, आणि एक प्राध्यापक बूट चिकटतो म्हणून शिव्या देत त्याच जिन्यावर सामोसा खात उभे होते. भाचीच्या गालावरच्या कणकेत एक माशी अडकून फडफडत होती. हात लावला तर जखम बिघडेल म्हणून ती हलली नाही. बीभत्स रस शिकवताना माझ्याकडे नेहमी उदाहरणं कमी पडायची. आता ती अडचण राहिली नाही.

गुरुवार, २० तारीख

दुसरा सराव. पुन्हा ग्रंथालयाची मागची खोली. बंद खिडक्या, घामट कोट, कुणाच्या तरी पोटातले आवाज. बाहेर भाची रडत होती. मामाच्या दारावर तिलाच उभं करण्यात सेनापतींची कल्पकता दिसली.

फार खरं रडली. आणि आत ग्रंथपाल अंधारात बोटं वर करून गुण देत होते. आधी सहा, मग सात. बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मी उघडलं नाही. नंतर सगळ्यांनी पाठ थोपटली, सर सुधारले म्हणाले. पाठीवर पालीने चालावं तसं वाटलं. सगळ्यांत जास्त किळस आली ती या गोष्टीची, की त्या शाबासकीने मला क्षणभर बरं वाटलं होतं.

सेनापतींना गाठून सांगितलं की दार बंद ठेवायला शिकवा, पण रडण्यावर हसायला शिकवू नका. ते म्हणाले, हसू आलं म्हणजे भीती गेली, सराव यशस्वी.

भाची रात्रीचं जेवायला आली, पण जेवली नाही. म्हणाली, मामा, तुमचं हसू बाहेर ऐकू येतं रे. हा महिना संपला की सोडते, हजेरी गेली तर जाऊ दे. मी म्हटलं, उद्याच सोड. म्हणाली, बघते.

बुधवार, २६ तारीख

भोंगा वाजला. आधी सूचना नव्हती, अचानक सराव असणार असं बाईंचं म्हणणं. पुन्हा तीच खोली. फोन डब्यात. बोलायला बंदी, म्हणून खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात लिहितो आहे.

लांब काहीतरी फुटल्यासारखे आवाज. बाईंनी समाधानाने मान डोलावली. या वेळी आवाजही केलेत.

पळणारे पाय. मग काही नाही.

दाराशी भाची. रडत नाहीये. जवळ एक पुरुष हळू आवाजात तिला काही सांगतोय. ती अगदी साध्या आवाजात, घरात बोलते तशी, म्हणाली की मामा, आत असलास तर दार उघडू नकोस—

आत सगळे खुदखुदले. काहीतरी नवीन.

आजवर कुणी उघडू नका अशी विनवणी केलेली नाही. कुणीच नाही. हे कुणी शिकवलेलं नाही तिला—

मोठ्या अक्षरांत लिहून ग्रंथपालांना दाखवतो:

हे खरं आहे. माझी भाची आहे. खिडकीतून बाहेर पडा.

*छान करते हो पोरगी. आज नऊ.*

वरची ओळ ग्रंथपालांची आहे. माझंच पेन घेऊन लिहिली, आणि हसून वही परत दिली.

बाहेर फटका. तिने पुन्हा तेच सांगितलं. नको उघडूस. या वेळी शब्द दातांत अडकत—

आवाज झाला. फार जवळ. दार हललं.

आता ती बोलत नाही.

ती बोलत नाही.

तो माणूस शांतपणे सांगतोय की सराव संपला, बाहेर या. सराव असाच संपवतात. पण हा आवाज सेनापतींचा नाही. सगळे उठले. कपडे झटकतायत. बाई बाकं सरकवतायत.

मी ओरडलो. उघडू नका म्हणून ओरडलो. बाई म्हणाल्या, आता बोललात तरी चालेल, संपलंय.

विनवणी केली तर उघडत नाहीत. आज्ञा केली की—

दाराला पाठ लावून बसलोय, वही गुडघ्यावर. मला ओढतायत, हसतायत, कैलासवासी उठा म्हणतायत. दाराखालून काही ओलं माझ्या हाताला— ऊन आहे—

कुणी नंतर वाचलं तर ताईला सांगा, ती रडली नाही. तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. नको उघडूस म्हणाली. मी नाही उघडणार. ग्रंथपाल माझ्या डोक्यावरून कडीला हात घाल