समोरच्याची बाजू

बाबा, आज ऑफिसातल्या एका नव्या वकील मुलीला मी अगदी तुमच्यासारखी रागावले. पहिल्यांदाच कोर्टात उभी राहणार होती आणि आपल्या अशिलाबद्दल भरभरून बोलत होती. मी म्हटलं, आधी समोरच्याची बाजू मांड. ही माझीच पद्धत म्हणून इथे तिचं कौतुक होतं. ती पद्धत पिस्कॅटवे गावातल्या आपल्या स्वयंपाकघरातली आहे, हे कुणाला ठाऊक नाही.

आईला इथे परदेशात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून तुम्ही सांगलीची चालती वकिली सोडून आलात. तुमची सनद इथे चालेना, मग इन्शुरन्स कंपनीत टेबलाशी बसलात. तक्रार कधी केली नाहीत, पण मी लॉ स्कूलला गेले आणि तुमचं कोर्ट पुन्हा सुरू झालं. ऐंशीच्या दशकातले ते रविवार! तुम्ही फरसबीच्या शिरा काढत बसलेले, मी समोर उभी. "स्वतःचं रडगाणं कुणालाही गाता येतं. आधी त्यांचं म्हणणं सांग. ते मला पटलं, तरच तुझं ऐकेन," म्हणायचात. पटलं की तुमचे हात थांबायचे. ते हात थांबवायला मी जिवाचं रान करायची. भारी खट होतात हो तुम्ही.

मी वकील झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून तुम्ही इमर्जन्सीत गेलात. डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा चहा तसाच ठेवून गेलात. तेरावं झालं आणि धाकटा म्हणाला, "ताई, वी हॅव टू सू देम. तू लॉयर आहेस यार, केस कर!" आईनं फरसबीची परात पुढे ओढली. मी सवयीनं उभी राहिले आणि आधी त्या डॉक्टरांची बाजू मांडायला लागले. ईसीजी नॉर्मल होता. दुखणं जेवणानंतरचं होतं. घरी जायची घाई तुम्हीच केली होती. शांतपणे, एकेक मुद्दा घेत बोलत गेले, तुम्ही शिकवलंत तसं. आणि आईचे हात थांबले.

आता आपली बाजू, म्हणून मी तोंड उघडलं. आई म्हणाली, "पुरे गं. पटलं मला. नको ती केस." ती उठून गॅसकडे गेली. धाकटा दार आपटून बाहेर गेला आणि मी तिथेच उभी.

डॉक्टरांचं चुकलं होतं का, मला अजून सांगता येत नाही. आई पुढे शांतपणे जगली, त्याचं मला बरंच वाटतं. पण तुमच्या बाजूनं कुणी बोललंच नाही, हे आत कुठेतरी सलत राहिलंय. आयुष्यभर मी परक्यांसाठी भांडले, बाबा. तुमच्यासाठी एक वाक्य नाही.

म्हणून आज लिहायला बसले. 'माझे वडील' एवढं लिहिते आणि अडते. मुद्दा सुचत नाही, पुरावा नाही. मला केस नकोच होती. मला तुम्ही हवे होतात. बस, एवढीच आपली बाजू. हा कागद कुणाकडे पाठवायचा नाही, म्हणून सांगते: आज समोरच्याचं म्हणणं मी आधी मांडलेलं नाही. रागावू नका.