रुप्याचा प्याला

कल्याण, गुरुवार, ता. ९ एप्रिल १८८५

चिरंजीव हरिहर यास अक्काचा आशीर्वाद. ख्रिस्ती बहिणीचा आशीर्वाद सोवळ्यात बसतो की नाही ते तुमच्या घरचे तुम्ही पाहा. धाकट्या भावाला दुसरे काय लिहायचे ते मला कोणी शिकवलेले नाही.

आम्ही दोघे बरे आहोत. यांचा खोकला माघापासून बसला आहे तो उठायचे नाव घेत नाही. परसातल्या विहिरीने तळ गाठला आहे. पत्र मुद्दाम तुझ्या ठाण्याच्या बिऱ्हाडी पाठवते आहे; कोर्टाच्या दिवसांत तू तिथे असतोस हे ठाऊक आहे. कल्याणच्या घरी धाडले असते तर मंदाकिनीने ते चिमट्याने उचलले असते. बिचारीचा त्यात दोष नाही, तिला तसेच शिकवले आहे.

आता मुद्द्याचे. तू आमच्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेला रुप्याचा प्याला रविवारपासून माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी आहे. तो प्रार्थनामंदिरात नाही एवढे तुझ्या कारकुनाने तुला कळवलेच असेल. का नाही, हे माझ्याकडून कळावे म्हणून लिहीत आहे.

पौषापर्यंत या गावात आम्हाला कोणी विचारत नव्हते. मग सरकारने म्युनिसिपालिटीत लोकांनी निवडलेले सभासद बसवायचे ठरवले, आणि आमच्या भागात तू आणि तो भाताचा व्यापारी शेठ असे दोघे उभे राहिलात. कोणाच्या तरी ध्यानात आले की दोघांचे बळ सारखेच आहे आणि तागडी झुकवायला ख्रिस्ती लोकांची मूठभर मते पुरे आहेत. झाले. जे आमची सावली चुकवून जात होते ते लांबून रामराम करू लागले.

शेठने उत्तमराव मास्तरांना गाठले. मास्तर म्हणजे आमच्या मिशन शाळेचे, मंडळीतले वजनदार गृहस्थ. शेठकडून प्रार्थनामंदिराला टांगता दिवा आला, आणि आमच्या मूठमातीच्या जागेला भिंत घालून देण्याचे वचनही. त्या रविवारी मास्तर प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांनी शेठचे नाव, गाव, धंदा आणि दयाळू स्वभाव देवाला सविस्तर कळवला, जणू देव कल्याणात नवीनच बदलून आला होता. आमच्या यांनी डोळे मिटून घेतले होते. मी उघडे ठेवले होते.

मग तू आलास.

एक तप होऊन गेले होते, हरिहर. बाबा गेले तेव्हाही मला अंगणातूनच परत लावले होते. त्या दिवशी मी हळद कांडत होते. ओसरीवर तुझा आवाज ऐकला तशी मुसळ टाकून पिवळ्या हातांनी धावत आले. तू ओसरीच्या कडेला कसाबसा टेकला होतास, वहाणा पायात तशाच. मी तांब्याभर पाणी आणले. तू म्हणालास, "नको अक्का, आत्ताच घेतलंय." आणि यांच्याकडे वळून मूठमातीच्या वाटेविषयी बोलू लागलास. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होतो, खांदेकऱ्यांचे पाय रुततात, सगळे तुला ठाऊक होते. वाट बांधून देतो म्हणालास. मी कशी आहे ते विचारायचे राहून गेले. कामापुरता मामा म्हणतात. तुझी मी कामापुरती अक्का.

आणि तरी मला आनंद झाला. हे लिहिताना माझा मलाच संताप येतो.

पुढच्या रविवारी यांनी उपदेशाला हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. तो उपदेश मी यांच्या तोंडून कितीदा ऐकला असेल, पण यावेळी त्यातल्या मेंढपाळाला हळूहळू इंग्रजी कायदा येऊ लागला, आणि शेवटी त्याचे नाव हरिहर वकील निघाले. मास्तर ताडकन उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागे चार घरे गेली. आमच्यात पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसत. तेव्हापासून शेठचे उजवीकडे आणि वकिलाचे डावीकडे बसू लागले. नवरा-बायकोला शेजारी बसायला मिळाले, हाच काय तो तुमच्या निवडणुकीचा फायदा.

शिमग्याच्या आधी तू निवडून आलास. शेठची भिंत त्याच्यासोबत पडली, ती उभी राहण्याआधीच. तुझी वाट होती तशी आहे. गरज सरो, वैद्य मरो. वाटेच्या जागी हा प्याला आला, आणि त्यावर तुझे नाव इतके ठळक कोरलेले की आंधळ्याच्या बोटालाही वाचता यावे.

आमच्याकडे प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा असतो, आणि त्याच्या आधल्या शुक्रवारी सगळे जमतात. ज्याचे ज्याच्याशी बिनसले असेल त्याने त्याचा हात धरून ते मिटवायचे, नाही तर रविवारी मेजापाशी यायचे नाही, असा नेम आहे. यंदा ईस्टरच्या आधी जमलो. तुझ्या बाजूचा म्होरक्या म्हणजे खाडीवरचा कान्हा कोळी. त्याने आणि मास्तरांनी हात धरले ते पंजा लढवल्यासारखे. मास्तर म्हणाले, वकिलाच्या प्याल्याला आमचे ओठ लागणार नाहीत. कान्हा म्हणाला, मग त्या जुन्या पोचे पडलेल्या पितळी प्याल्याला आमचे लागणार नाहीत. कान्ह्याची म्हातारी आई आवडाबाई सगळ्यांवर कडी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, माना रुप्याचाच दे." तिने शेठचे तेलही नेले होते आणि तुझ्या माणसाकडून लुगडेही, म्हणजे तिचा पक्ष कोणता ते देवच जाणे.

अखेर आमचे पाळकसाहेब, म्हणजे हेच, बोलले. दोन्ही प्याले ठेवू, म्हणजे कोणाचे मन दुखणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांत मंडळीचे एकमत झाले ते या एका गोष्टीवर.

हरिहर, तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटले नव्हते. बाबा आठवडाभर बोलले नाहीत, पण आईने परसदारी मला जेवू घातले होते. तुटले ते पहिल्या प्रभुभोजनाला. तो पितळी प्याला आवडाबाईच्या, एका कोळणीच्या, ओठांना लागून माझ्याकडे आला. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास होता, आणि अख्खे गाव खिडक्यांतून पाहत होते. मी प्यायले. संध्याकाळपर्यंत ते आपल्या घरी पोचले, आणि दुसऱ्या दिवशी दार बंद झाले. दाराची कडी आतून तू लावलीस. तो आवाज मी ओळखते, ती कडी जरा उचलून लावावी लागते. तुला मी दोष दिला नाही, तू सतरा वर्षांचा होतास.

रविवारी मेजावर दोन प्याले मांडलेले पाहिले आणि माझे डोके फिरले. उपासना सुरू व्हायची होती. मी डावीकडून उठले, मेजापाशी गेले आणि तुझा प्याला उचलला. हे दबक्या आवाजात म्हणाले, अगं, काय करतेस. आयुष्यात पहिल्यांदा मी यांना लोकांसमोर उत्तर दिले. "एका प्याल्यापायी मी माहेर सोडलं. दोन ठेवायचे होते तर तेव्हाच सांगायचं होतं." आणि पदराखाली घेऊन घरी आले. मागे काय झाले ते ऐकीव आहे. निम्मे लोक न पिता गेले. उरलेल्यांनी पितळी प्याल्यातून घेतले. आवडाबाईने कुरकुरत घेतले, पण घेतले. मास्तरांनीही घेतले म्हणतात, शेवटी, कोणी बघत नाही असे पाहून.

हे घरी आले ते खोकत खोकत. मी खूप बोलले. उपदेशाच्या जागेवरून मते मागणारा पाळक आणि बाजारात भाव पुकारणारा दलाल यांत फरक काय, इथपर्यंत बोलले. यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुला माहेर मिळेल असं वाटलं गं."

आता अशा माणसाला काय करावे? आणि मला काय करावे? कारण यांच्या तोंडून तुझे नाव निघाले तेव्हा मी खाली मान घातली होती, ती लाजेने नव्हे. मला बरे वाटले होते. मंडळी माझ्या डोळ्यांदेखत दुभंगत होती आणि मी मनात तुझ्यासाठी पाट मांडत होते. मास्तरांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू?

उद्या शुक्रवार. मी मास्तरांच्या घरी जाणार आहे आणि त्यांचा हात धरणार आहे, नीट. यांनीही रविवारी सर्वांसमोर चूक कबूल करायची असे ठरले आहे. वाट आम्ही आमच्या हाताने बांधू. कान्ह्याकडे होडी आहे आणि खाडीपलीकडे दगड आहेत. तुझी नको.

राहिला प्याला. मेजावर तो जाणार नाही. परतही पाठवणार नाही, कारण माझ्या घरातून आलेले भांडे तू अंगणात ठेवून सात वेळा घासून घेशील, आणि ते मला सहन व्हायचे नाही. तो मी रोज घासते, स्वतःच्या हाताने. ज्या दिवशी निवडणूक नसेल, मत नको असेल, बरोबर कारकून नसेल, त्या दिवशी ये. वहाणा काढून आत ये. तुझे नाव असलेल्या तुझ्याच प्याल्यातून मी पाणी देईन. ते प्यायलास तर तो प्याला घेऊन जा. नाही प्यायलास तर मी तो मिठाला वापरीन आणि पुन्हा या विषयावर लिहिणार नाही.

मंदाकिनीला आणि लेकरांना आशीर्वाद. मी त्यांना पाहिलेले नाही, पण नावे ठाऊक आहेत.

ओसरीवर तांब्या घेऊन अजून उभी असलेली,
तुझी अक्का
भागीरथी