अक्षरं रेघेखाली राहतात

बाबा, परवा तारनाक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, आणि हे पहिलं तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सवय जात नाही.

ऑफिसातल्या नव्या पोरी सगळं झरझर वाचतात, मी मागे पडायला लागले, म्हणून दिलसुखनगरात भरभर वाचायचा क्लास लावला. हसा खुशाल. तिथले सर म्हणतात, "मॅडम, एकेक लफ्ज नक्को पढो. लफ्जां का उप्पर का हिस्सा देखो, बाजू के लफ्जां खुद दिखते." इंग्रजीत ते जमलं. मग मला चेव आला आणि घरी मराठी दिवाळी अंक उघडला. अख्खी ओळ एक लांब तार झाली, कडेचे शब्द पुसट. मी अंक मिटून टाकला. तुमचंही कडेनंच सुरू झालं होतं ना? उजवीकडे ठेवलेला चहा तुम्ही सांडायचात, आई चिडायची, आणि काचबिंदू आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी जीव मुठीत धरून दाबत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "कुछ नहीं है अम्मा. पढ़ते वक्त आप पलक झपकाना भूल जारे, आँखां सूख गए. चष्मे का नंबर भी बदलो." इतकंच! मला रडूच आलं.

मराठीचं कोडं मात्र घरी चहा टाकताना सुटलं. लहानपणचं आठवलं: स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुम्ही मला वाचायला शिकवताय. मी शब्दांच्या डोक्यावरून बोट फिरवत अंदाजपंचे सुटते, तुम्ही बोटावर चापट मारता. "रेघेला काय लोंबकळतेस? अक्षरं रेघेखाली राहतात, खाली बघ." इंग्रजी अक्षरं डोक्यावरून ओळखू येतात, आपल्या सगळ्या अक्षरांच्या डोक्यावर एकच रेघ. सरांची युक्ती इथे कशी चालणार! नजर जरा खाली घेतली, पापण्या मिटत राहिले, आणि ओळ स्वच्छ झाली. वेग अजून बेताचाच आहे. पण कडेपर्यंत दिसतंय, बाबा.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. लहानपणापासून सगळे म्हणायचे, पोरगी अगदी बापावर गेलीय, आणि मी फुशारून जायचे. परवा दवाखान्याबाहेर उभी असताना मला फार फार आनंद झाला, की मी तुमच्यावर गेले नाही.