हूसुमची भरती

गुरुवार, ८ ऑक्टोबर १९६४. हॅनोव्हर

ह्यांचं पुण्याचं पक्कं झालं. जानेवारीत रुजू व्हायचं. होकाराची तार दसऱ्याला करणार. आठ वर्षांनी घरी.

उषाचं आबिटुर, म्हणजे इथली शाळेची शेवटची परीक्षा, अर्ध्यावर सुटेल. तिला विचारलं. "हो, आई, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली आणि सूप ढवळत राहिली. शहाणी पोर. मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं वाटायला नको होतं का?

शनिवार, १० ऑक्टोबर. हूसुम

जाण्याआधी उत्तरेचा समुद्र एकदा बघायचा, हा माझाच हट्ट. देवगडची मी, आठ वर्षं समुद्राशिवाय काढली. गाडीत दिवसभर बसून संध्याकाळी पोचलो. नवरात्रात घर बंद करून निघालो, ते टोचतंय. घट इथे कधीच बसवले नाहीत, तरीही.

वारा. खिडक्या सारख्या वाजतात.

रविवार, ११ ऑक्टोबर. हूसुम

सकाळी चौक, चर्च (आत प्रार्थना चालू, दारातूनच परतलो), राजवाड्याची बाग. छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी झाली. उषा हसली. खूप दिवसांनी.

बंदर गावाच्या मधोमध. दुपारी पूर्ण ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या. तो वास! मी तिथेच उभी राहिले. हे म्हणाले, "बघ उषा, आठ वर्षांत तुझ्या आईला इथलं काहीतरी आवडलं. काय, तर चिखल!"

उषाला माझ्या वडिलांचा, अप्पांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज षष्ठी, म्हणजे साडेचार. आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. तिने मान हलवली.

पाचच्या सुमारास समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या बाहेर गेलो. एक दगडी वाट समुद्रात गेलेली, टोकाला खांब. मी म्हटलं, "चला, आता पाणी उतरायला लागलंय." टोकाला वाऱ्यात बोललेलं ऐकू येईना, पण मी किती खूश होते! मागे वळलो तर वाटेचा मधला भाग दिसेना.

"अगं, हे उतरतंय की चढतंय?" ह्यांनी विचारलं.

उषाने ह्यांचा हात धरला. "बाबा, लांगसाम, हळू. पाय उचलू नका, सरकवा." ह्यांचा डावा गुडघा अधू. पाणी मांडीपर्यंत. ह्यांची हॅट उडाली. माझी साडी पायांत गुंडाळली, मी एकदा पडले. बांधावर चढलो आणि तसेच ओले खोलीकडे निघालो.

खोलीवर कपडे वाळत घालताना उषा सांगते, बंदरावर पाटी होती. भरती सवासहाला. आणि पश्चिमेचा वारा असला की पाणी त्याहून वर.

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी खुशीत होतीस, आई. मला वाटलं, तेवढ्यात जाऊन येऊ."

सोमवार, १२ ऑक्टोबर. गाडीत

हे शिंकतायत आणि हॅटची गोष्ट रंगवून सांगतायत. उषा हसते. मला हसू येईना.

हिला माहीत होतं, तरी माझ्यामागून पाण्यात आली. मग गुरुवारचं "तुम्ही म्हणाल तसं"? तेही माझ्या खुशीसाठीच?

मंगळवार, १३ ऑक्टोबर. हॅनोव्हर

ह्यांना म्हटलं, उषाला पुन्हा विचारू या.

"हो म्हणाली ना ती? आता कशाला उकरून काढतेस? परवा तार करायचीय."

खालच्या घरमालकीणबाईंकडे एक खोली रिकामी आहे. परीक्षा होईपर्यंत दीड वर्षाचा तर प्रश्न. पण सतरा वर्षांची मुलगी, एकटी, एवढ्या लांब. आणि पुण्यात लोक काय म्हणतील? हे लोकांचं माझ्या मनात आधी आलं, मुलीचं नंतर. लिहून ठेवते, म्हणजे नाकारता येणार नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता विचारलं. म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

तिने सुरी खाली ठेवली. मग भरभर जर्मनमध्ये. मी म्हटलं, मराठीत सांग ना.

"मराठीत नाही जमत, आई. मराठीत मला तुला नाही म्हणता येत नाही."

"मग जर्मनमध्ये सांग. पण हळू."

तिने सांगितलं. मधले शब्द सुटले, पण मुद्दा कळला. राहायचंय. परीक्षेपुरतं नाही, पुढेही. सांगून रडली. मी तिला जवळ घेतलं की नुसती उभी राहिले, आता आठवत नाही.

"बाबांना तू सांगशील?"

"नाही. तू सांग. मी शेजारी बसते."

हे अजून यायचेत. उषा समोर बसलीय, पुस्तक उघडं, पान काही उलटलेलं नाही. शेजारी बसेन म्हटलंय खरं. पण ह्यांनी माझ्याकडे वळून "आणि तुझं काय म्हणणं?" विचारलं, तर मी

खाली दार वाजलं.