चहाच्या आधी एक ओळ

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दिवेलागण.

पऱ्हाटी अजून उभीच. बोंडअळी पडली की कपाशी उपटून वावर मोकळं करायचं, हे साऱ्याइले माहीत आहे. आमचंच उद्यावर जाते. म्हणून मी नियम केला होता, सकाळी एक ओळ उपटल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. काही दिवस जमलंही.

आज पहिल्याच झाडावर हिरवी बोंडं दिसली अन् हात थांबला. नवरा बांधावरून म्हणे, "राहू दे वं, अजून एक वेचणी निघन." मी ऐकलं. कायले ऐकलं? घरी येऊन चहा घेतला. वरून दुसरा कपही.

दुपारी नळावर शेजारच्या वावराची कांताबाई भेटली. "आमी कवाचीच उपटली. पण तुमच्यातली अळी पुढच्या साली आमच्यात येईन न बाई." मी भरला हंडा उचलून निघाली.

संध्याकाळी तीच बोंडं तोडून आणली अन् नवऱ्यापुढं फोडली. साऱ्यात गुलाबी अळी. त्यानं एक बोंड उलटून पाह्यलं. मग म्हणे, "वावराच्या वरच्या अंगाची चांगली असतीन."

फोडता फोडता मलेही तेच वाटून राह्यलं होतं.

उद्या उठल्याबरोबर चहाच मांडीन.